नावामागचं गाव : माणिक



गेल्या अंकातल्या 'शरण' या नावावर बऱ्याच जणांनी लिहून कळवलं. त्याबद्दल मनापासून आभार. तिघांनी विचारलं, "दुसऱ्यांच्या नावांची एवढी चौकशी करतोस, मग स्वतःच्या घरातल्या नावावर कधी लिहिणार?" खरं सांगायचं तर टाळत होतो. पण यंदा घरात दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आणि दोन्हींच्या मध्ये एकच नाव उभं राहिलं. त्यामुळे या वेळी माझ्या आजोबांचं नाव घेतो : माणिक.

आधी आमच्या भागातल्या नावांबद्दल थोडं. बीदर-कलबुर्गीकडच्या कुठल्याही गावातली मतदारयादी उघडा. बसवराज दिसेल, तो कल्याणच्या बसवण्णांमुळे. शरणप्पा, शरणबसप्पा दिसेल, तो कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांमुळे. दत्तात्रय गाणगापूरचा, मल्लप्पा आणि मैलारी बीदरजवळच्या मैलारचे, वीरभद्र हुमनाबादचा, बंदेनवाज कलबुर्गीच्या दर्ग्याचा. शे-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत इतकी देवस्थानं आणि समाध्या आहेत, की आमच्याकडे नाव ठेवताना कुणाला पुस्तक उघडायची गरजच पडली नाही. माणिक हे नाव याच रांगेतलं.

शब्द कुठून आला?

मूळ शब्द 'मणि'. तो ऋग्वेदाइतका जुना आहे. त्यापासून संस्कृतात 'माणिक्य' झाला, प्राकृतात 'माणिक्क' आणि मराठीत 'माणिक'. अर्थ लाल रंगाचं रत्न. मराठीत ते नपुंसकलिंगी : ते माणिक, ती माणकं. पण माणसाला नाव म्हणून लावलं की तो माणिकही होतो आणि ती माणिकही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

हे रत्न म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत कुरुंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. चाकू-सुऱ्यांना धार लावायला वापरतात ना, तोच कुरुंद. त्याला इंग्रजीत 'कोरंडम' म्हणतात आणि तो इंग्रजी शब्द तमिळमधून गेलेला आहे. स्वच्छ कुरुंदात क्रोमियमचा अंश मिसळला की तो लाल दिसतो आणि माणिक होतो. लोह आणि टायटॅनियम मिसळले की निळा दिसतो आणि नीलम होतो. म्हणजे दोघे सख्खे भाऊच, भेसळ तेवढी वेगळी. नवरत्नांमध्ये माणिक सूर्याचं. १९६० साली थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने जगातला पहिला लेझर चालवून दाखवला, तोही कृत्रिम माणकाच्या कांडीतूनच.

माझ्या धंद्यातही माणिक आहे. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी प्रोग्रामरने १९९५ मध्ये एक नवी संगणकभाषा लोकांसमोर आणली. त्याआधी 'पर्ल' नावाची एक भाषा होती, आणि पर्ल म्हणजे मोती (स्पेलिंग थोडं वेगळं, एवढंच). म्हणून यानेही रत्नाचंच नाव शोधलं : रूबी, म्हणजे माणिक. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्याच भाषेत काम करत होतो. सुट्टीत गावी गेल्यावर आबांनी विचारलं, "काय करायलास रे तिकडं?" मी म्हटलं, "आबा, तुमच्याच नावावर पोट भरतोय." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. समजावून सांगितल्यावर मात्र महिनाभर पारावर तीच गोष्ट चालली होती म्हणे.

माणिकनगरचे प्रभू

आमच्या भागात माणिक हे नाव घरोघरी पोचलं ते माणिकप्रभूंमुळे. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८१७ चा, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेचा, दत्तजयंतीचा. जन्मगाव बसवकल्याणजवळचं लाडवंती. वडील मनोहर नाईक, आई बयादेवी. लहानपण कल्याणात गेलं. हे कल्याण ठाण्याचं नव्हे. हे चालुक्यांच्या राजधानीचं आणि बसवण्णांचं कल्याण. पुढे बरीच वर्षं फिरून ते १८४५ च्या सुमारास हुमनाबादशेजारी स्थिरावले. तिथे वस्ती वाढत गेली आणि तिचं नावच माणिकनगर पडलं. १८६५ च्या मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला त्यांनी तिथेच समाधी घेतली.

दत्तसंप्रदायात त्यांना दत्तावतार मानतात. पण त्यांची खरी ओळख म्हणजे 'सकलमत' संप्रदाय. नावातच सगळं आलं : सगळी मतं खरी, कुणाला खोटं म्हणायचं नाही. त्यांनी पदं रचली ती मराठीत, कानडीत, हिंदी-उर्दूत आणि संस्कृतात. हुमनाबादच्या बाजारात जेवढ्या भाषा कानावर पडत, जवळजवळ तेवढ्या सगळ्यांत. त्यांच्याकडे येणाऱ्यांत लिंगायत त्यांना बसवण्णांच्या रूपात पाहत आणि मुसलमान महबूब सुभानींच्या रूपात, असं परंपरा सांगते. आजही दत्तजयंतीच्या उत्सवात तिथे दरबार भरतो, गवई हजेरी लावतात. ज्यांनी ते अनुभवलं नसेल त्यांनी एकदा तरी जावं. हुमनाबाद स्टँडवर उतरलात की कुणालाही विचारा.

प्रभूंच्या नावाने मुलांची नावं ठेवायची पद्धत आमच्याकडे कशी पडली असेल, त्याची कल्पना करणं अवघड नाही. मूल होत नाही किंवा झालेलं जगत नाही, म्हणून नवस बोलायचा. मूल झालं आणि जगलं की पायावर घालून आणायचं. माझ्या आबांचं तेच झालं. आधीची दोन गेली होती. तिसरा हा. त्याला माणिकनगरला घेऊन गेले आणि नाव ठेवलं माणिक. मराठी घरात माणिकराव, कानडी घरात माणिकप्पा, मुलगी असेल तर माणिकम्मा. जात, भाषा बदलली की शेपूट बदलतं, नाव तेच.

आणखी कोण कोण?

कलबुर्गी जिल्ह्यात, सेडम तालुक्याच्या टोकाला, तेलंगणाच्या हद्दीवर यानागुंदी नावाचं ठिकाण आहे. तिथल्या टेकडीवर माता माणिकेश्वरी राहत. अहिंसा शिकवणाऱ्या या मातांच्या दर्शनाला कर्नाटक, तेलंगणा आणि महाराष्ट्र तिन्हीकडून गर्दी व्हायची. मार्च २०२० मध्ये त्यांनी देह ठेवला. म्हणजे माणिकनगर एका बाजूला, यानागुंदी दुसऱ्या बाजूला, आणि मधला सगळा मुलूख याच नावाचा.

तिकडे विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी ३० एप्रिल १९०९ रोजी एक मुलगा जन्मला. घरचं नाव माणिक, वडील बंडोजी. गुरू आडकोजी महाराजांकडे गेल्यावर त्याचा तुकड्या झाला आणि पुढे सगळा महाराष्ट्र त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणू लागला. ग्रामगीता लिहिणारा हा माणूस मूळचा माणिक, हे आमच्या पिढीत किती जणांना माहीत असेल?

मुलींमधला सर्वांत मोठा माणिक म्हणजे गायिका माणिक वर्मा. जन्म १९२६, माहेरचं आडनाव दादरकर. किराणा घराण्याची तालीम घेतलेला गळा. शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत सगळ्यांत तो सारखाच फिरला. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, त्यातही त्या गायल्या. १९७४ साली पद्मश्री मिळाली. भारती आचरेकर आणि वंदना गुप्ते यांना तुम्ही पडद्यावर आणि रंगमंचावर पाहिलं असेल. त्या माणिकताईंच्या लेकी. राजकारणात नंदुरबारचे माणिकराव गावित. एकाच मतदारसंघातून नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेले.

मराठीबाहेर हे नाव कपडे बदलत जातं. गुजरातीत ते माणेक होतं, पारशांत माणेकजी. फील्ड मार्शल सॅम माणेकशा यांच्या आडनावातही हाच माणेक बसलाय. पंजाबीत माणक. तमिळमध्ये माणिक्कम. तिथले जुने शैव संत माणिक्कवाचकर, म्हणजे ज्यांची वाणी माणकासारखी. रजनीकांतच्या 'बाशा' मधला साधाभोळा रिक्षावाला आठवतो? त्याचं नाव माणिक्कम. बंगालीत माणिक हे लाडकं हाक मारायचं नाव. सत्यजित राय घरी माणिक होते. 'पद्मा नदीर माझी' लिहिणारे माणिक बंदोपाध्याय कागदोपत्री प्रबोधकुमार होते, पण पुस्तकावर घरचं नावच छापलं गेलं. त्रिपुराच्या राजांनी तर शेकडो वर्षं 'माणिक्य' ही पदवी लावली आणि पुढे त्याच राज्यात माणिक सरकार नावाचे मुख्यमंत्री वीस वर्षं होते. श्रीलंकेत सिंहली भाषेत रत्नाला 'मॅणिक' म्हणतात आणि इंडोनेशियात 'मानिक' म्हणजे मणी.

युरोपातही नावांचं असंच होतं. रॉबर्ट हे नाव घ्या. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये त्याचे दोन तुकडे होते, एकाचा अर्थ कीर्ती, दुसऱ्याचा तेजस्वी. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं. त्यांचा राजा विल्यम याच्या बापाचं नाव रॉबर्ट आणि थोरल्या मुलाचंही रॉबर्ट. राज्यकर्त्यांचं नाव म्हणून ते इंग्लंडभर पसरलं. जर्मनीत तेच रुप्रेश्ट झालं, इटलीत रोबेर्तो, आणि लाडाने बॉब, रॉबिन, हॉब. रॉबर्टसन, रॉबिन्सन, हॉब्सन ही आडनावं त्यातूनच निघाली. तिकडे नाव राजाच्या मागे गेलं. आमच्याकडे ते फकिरासारख्या राहणाऱ्या एका माणसाच्या मागे गेलं. रत्नांची नावं तिकडेही आहेत. मार्गारेट म्हणजे ग्रीक भाषेत मोती. आपल्याकडची मोतीबाईच की ती.

एक माणूस, पाच नावं

आता घरातल्या पहिल्या गोष्टीकडे येतो.

आबा गेल्या वर्षी आषाढात गेले. दिवस-पाणी झालं आणि महिनाभराने बाबांनी शेताचा उतारा काढला. साडेचार एकर जमीन, विहीर, दोन चिंचा. ती आजीच्या आणि बाबा-काकांच्या नावावर करायची होती. त्यासाठी कागदपत्रं जमवायला घेतली आणि तिथे गाडी अडली.

आबा शाळेत गेले ते निजामाच्या राज्यात. शिक्षण उर्दूतून. शाळेच्या दाखल्यावर नाव उर्दूत. उर्दूत 'ण' नाही आणि ऱ्हस्व इकार सहसा लिहीत नाहीत. मीम, अलिफ, नून, काफ. ते मानिकही वाचता येतं आणि मानकही. भाषांतर करणाऱ्याने 'मानक राव' असं लिहून दिलं. त्यांच्या वडिलांनी केलेलं खरेदीखत मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा फरक करत नाहीत, म्हणून तिथे 'माणीक'. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. १९५६ मध्ये बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले : उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात. त्यानंतर पहाणीवर नाव कानडीत चढलं. लिहिणाऱ्याने आपल्या सवयीने 'माणिकप्पा' केलं. आधारकार्डावर इंग्रजीत माणिकराव. आणि मतदार ओळखपत्रावर 'माणिका'.

हे 'माणिका' कुठून आलं, ते सांगतो. कारण यात खोटं कुणीच केलेलं नाही. मराठीत आपण 'माणिक' लिहितो, पण शेवटचा अ उच्चारत नाही. कानडीत हीच तीन अक्षरं लिहितात, मा-णि-क, पण शेवटचा अ पूर्ण उच्चारतात. त्यामुळे कानडीतून इंग्रजीत जाताना शेवटी एक अ जादा येतो. आम्हा संगणकवाल्यांना यात एक गंमत दिसते. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात देवनागरी आणि कानडी अक्षरं एकाच क्रमाने मांडलेली आहेत. 'माणिक' मधल्या प्रत्येक अक्षराच्या आणि प्रत्येक मात्रेच्या क्रमांकात ८९६ मिळवा, ते नाव कानडीत लिहून तयार! संगणकाच्या लेखी या दोन लिप्यांमध्ये एका बेरजेचं अंतर. उच्चाराचं अंतर मात्र कुठल्याही तक्त्यात नाही.

एका कचेरीत बाबा आणि मी हे पाचही कागद घेऊन उभे राहिलो. टेबलापलीकडच्या माणसाने एकेक कागद पाहिला आणि म्हणाला, "सर, हेसरु ब्यारे ब्यारे अदाव." म्हणजे, नावं वेगवेगळी आहेत. बाबा म्हणाले, "माणूस एकच आहे हो." तो म्हणाला, "ते मला कळतंय. कागदाला कसं कळणार?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी स्वतः दिवसभर हेच काम करतो. दोन नोंदींमध्ये एका अक्षराचा फरक असला तर माझा प्रोग्रामही त्यांना दोन माणसंच समजतो. फक्त तोपर्यंत त्या नोंदीच्या जागी माझे आबा कधी आले नव्हते.

चार हेलपाटे झाले. शेवटी ठरलं की प्रतिज्ञापत्र करायचं : हे पाचही जण एकच. सोबत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब. शेजारच्या शेतकऱ्याने सांगितलं, "आमचा माणिकप्पाच, पन्नास वर्षं एका बांधावर होतो." चहाच्या हॉटेलवाल्या चाचांनी सांगितलं, "मानिकभाई को कौन नहीं जानता?" पटवाऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, "माणिकराव पाटलांच्या गल्लीतले." सगळे खरं बोलत होते आणि प्रत्येकाने नवीन नाव सांगितलं. लिहून घेणारा कपाळाला हात लावून बसला.

मग आली आजी.

न घेतलेलं नाव

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आजीने जन्मात कधी आबांचं नाव घेतलं नव्हतं. त्या पिढीत बायका घेतच नसत, हे तुम्हालाही माहीत आहे. पण आबांचं नाव देवाचंही होतं आणि वस्तूचंही, त्यामुळे तिची अडचण मोठी. माणिकप्रभूंना ती 'हुमनाबादचे प्रभू' म्हणायची. माणिकनगरला जायचं असेल तर 'प्रभूंच्या गावाला जाऊन येऊ'. काकूच्या अंगठीत माणिक होतं, त्याला आजी 'लाल खडा' म्हणायची. रेडिओवर माणिक वर्मांचं गाणं लागलं की "ती बाई गायलीय बघ" म्हणायची. लहानपणी आम्ही नातवंडं मुद्दाम तिला विचारायचो, "आजी, अंगठीत कसला खडा?" आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. उखाण्यात तेवढं एकदा नाव यायचं, तेही हळदी-कुंकवाला, बायकांच्या घोळक्यात.

नोटरीच्या खोलीत तिला खुर्ची दिली. तो कागद वाचत म्हणाला, "आजी, नवऱ्याचं नाव सांगा." आजी गप्प. त्याला वाटलं ऐकू आलं नाही. जोरात विचारलं. आजीने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "मी सांगतो." तो म्हणाला, "नाही, त्यांनीच सांगायला पाहिजे. शपथेवर आहे."

मी तिच्याशेजारी उभा होतो. तिने पदर नीट केला. खाली जमिनीकडे बघत, शाळेत हजेरी देणाऱ्या पोरीसारखी ती म्हणाली, "माणिक."

राव नाही, अप्पा नाही. नुसतं माणिक. नोटरीने लिहून घेतलं आणि अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं. बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "साठ वर्षं झाली लग्नाला. तेनी असताना एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं रे."

काम झालं. दोन महिन्यांनी उताऱ्यावर नावं चढली. पण आजीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुसरी गोष्ट

या वर्षी आमच्याकडे बाळ आलं. मुलगी. नावं शोधायला घरात एक व्हॉट्सॲप गट झाला. त्यात सत्तर-ऐंशी नावं जमली. बायकोची यादी, मेहुणीची यादी, ऑफिसातल्या मित्रांच्या सूचना. सगळी दोन अक्षरी, सुटसुटीत, अमेरिकेतही चालतील अशी. मी काही नावं ठेवत नाही हं, म्हणजे दोष देत नाही. आपली मुलं जगभर जाणार, नावाचा उच्चार लोकांना जमावा असं वाटणारच. मलाही वाटत होतं. आमच्या यादीतली तीन नावं मला मनापासून आवडली होती.

आजीला फोनवर विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला काय कळतंय तुमच्यातलं." आणि थोडं थांबून, "एक नाव होतं. पण पोरीला ठेवत्यात का तुमच्याकडं, माहीत नाही."

कुठलं, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

बायकोचा पहिला प्रश्न अगदी योग्य होता : "मुलांचं नाव आहे ना ते?" मी तिला माणिक वर्मांचं एक भावगीत लावून दिलं. तिचा दुसरा प्रश्न आणखी योग्य होता : "आणि तिलाही पुढे पाच कागदांवर पाच नावं लिहून मिळाली तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कचेऱ्या, लिप्या, स्पेलिंगं आहेत तशीच आहेत. मी एवढंच म्हटलं, की जन्मदाखल्याचं स्पेलिंग मी स्वतः तीनदा तपासीन. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गटावर तिनेच लिहिलं, "माणिक. पण हाक मारायला काही वेगळं ठेवलं तर चालेल ना?" बंगाल्यांच्या उलट झालं हे, पण चालेल.

बारसं गावीच केलं. पाळण्याला आत्याने नाव सांगायचं असतं, कानात कुर्र करून. माझी बहीण वाकली, तेवढ्यात आजी मागून म्हणाली, "थांब गं, आधी मी." तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. पण कानात सांगितलंच नाही. चांगल्या मोठ्या आवाजात, सगळ्या बायकांसमोर, तिने हाक मारली. एकदा नाही, तीनदा. कुणी हसलं नाही.

आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. फोन उचलला की पलीकडून आजी आधी माझी चौकशी करत नाही, बाळाच्या आईची करत नाही. पहिला शब्द तोच असतो. आम्ही ठेवलेलं हाक मारायचं नाव तिने अजून एकदाही वापरलेलं नाही.

तर मंडळी, हे आमच्या घरातलं नाव. तुमच्या घरातही आजी-आजोबांचं असं एखादं नाव असेल, जे कागदावर चुकीचं लिहिलंय किंवा कुणी कधी मोठ्याने घेतलंच नाही. एक काम करा. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या : हे नाव कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं, आधी कुणाचं होतं. आणि वडीलधाऱ्यांच्या कागदांवरची नावं एकदा शेजारी शेजारी ठेवून तपासा. फरक असेल तर ते असतानाच दुरुस्त करून घ्या. त्यांची एक सही नंतरचे चार हेलपाटे वाचवते. तुमची नावं आणि त्यामागच्या गोष्टी मला जरूर कळवा.

पुढच्या अंकात कल्याणला जाऊ आणि 'अक्का' हे नाव घेऊ. तोवर, नावं ठेवा, पण चांगली!